ग्रेलॉगमध्ये कुठला लॉग कुठे पाठवायचा: इनपुट, स्ट्रीम, इंडेक्स सेट आणि पाइपलाइन, नव्या लोकांसाठी

ग्रेलॉग (सगळ्या मशीनचे लॉग एका जागी गोळा करून शोधायला देणारं सॉफ्टवेअर) टाकून झालाय, ९००० पोर्टवर लॉगिन होतंय, सर्व्हर आणि फायरवॉल लॉग पाठवतायत, सर्च पानावर आकडे नुसते पळतायत, आणि आता ह्या ढिगाचं करायचं काय हे कळत नाहीये, अशा टप्प्यावर असाल तर हे वाचा. इन्स्टॉलेशन इथे सांगत नाहीये, त्याची माहिती ढिगाने मिळते. आलेला लॉग वेगळा कसा काढायचा, योग्य जागी कसा पाठवायचा आणि किती दिवस ठेवायचा एवढंच बघायचंय.

उदाहरणाला एक छोटी कंपनी धरू. सहा-सात उबुंटू नाहीतर डेबियन सर्व्हर, पुढे एक फायरवॉल, आणि स्वतःचं एक वेब ॲप ज्याच्यापुढे एनजिन्क्स (वेब सर्व्हर) आणि लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरांमध्ये वाटणारा) आहे. बहुतेकांचं चित्र साधारण असंच असतं.

आधी रस्ता समजून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण पुढच्या अर्ध्या अडचणी इथेच सुटतात, त्यामुळे गाळू नका. लॉग आधी इनपुटवर येतो, म्हणजे एखाद्या पोर्टवर. तिथून तो डिस्कवरच्या जर्नलमध्ये लिहिला जातो, हे जर्नल डिफॉल्टला ५ जीबीपर्यंत किंवा १२ तासांपर्यंतचा माल धरून ठेवतं, म्हणजे मागचं ओपनसर्च (लॉग साठवणारं आणि शोधून देणारं इंजिन) थोडा वेळ बंद पडलं तरी लगेच काही वाया जात नाही. जर्नलमधून मेसेज प्रोसेसिंगला जातो, तिथे दोन मोठे टप्पे आहेत. पहिला मेसेज फिल्टर चेन, ह्यात एक्स्ट्रॅक्टर (मेसेजमधून फील्ड, म्हणजे नाव दिलेले तुकडे, काढणारे) चालतात आणि स्ट्रीमचे, म्हणजे मेसेजच्या गटांचे, रूल तपासले जातात. दुसरा पाइपलाइन प्रोसेसर, हा तुम्ही लिहिलेल्या रूलप्रमाणे मेसेज बदलतो किंवा वळवतो. मग शेवटी ओपनसर्चमध्ये साठवण. मोंगोडीबीमध्ये फक्त सेटिंग, यूजर वगैरे असतात, लॉग तिथे नसतात.

ह्यातला क्रम नीट लक्षात ठेवा. स्ट्रीमचे रूल आधी, पाइपलाइन नंतर. म्हणजे पाइपलाइनमध्ये तुम्ही एखादं नवीन फील्ड तयार केलंत आणि त्याच फील्डवर स्ट्रीमचा रूल लावलात तर तो कधीच लागणार नाही, कारण रूल तपासताना ते फील्ड जन्मालाच आलेलं नसतं. "रूल बरोबर आहे तरी स्ट्रीम रिकामी का" ह्या प्रश्नामागे बऱ्याच वेळा हेच निघतं. सिस्टीम, कॉन्फिगरेशन्स, मेसेज प्रोसेसर्स इथे जाऊन फिल्टर चेन वर आणि पाइपलाइन खाली आहे ना हे एकदा बघून घ्या, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये उलटं सापडू शकतं.

कागद घ्या, तक्ता करा

स्ट्रीम बनवायचं बटण समोर दिसलं की माणूस लगेच "सर्व्हर १", "सर्व्हर २", "सर्व्हर ३" अशा स्ट्रीम बनवायला लागतो. असं करू नका. सर्व्हरचं नाव सर्चमध्ये सोर्स फील्ड टाकून कधीही मिळतं, त्यासाठी स्ट्रीम लागत नाही. स्ट्रीम बनवायची की नाही हे दोनच प्रश्नांवर ठरतं, हे लॉग कोण बघणार आणि किती दिवस ठेवायचे. दोन्हीची उत्तरं आधीच्या एखाद्या स्ट्रीमसारखीच येत असतील तर नवीन स्ट्रीम कशाला?

आपल्या कंपनीसाठी तक्ता असा होतो: एसएसएच (दुरून लॉगिन) आणि सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) ह्यांचे लॉग सिक्युरिटीवाले बघणार, जास्त दिवस ठेवायचे. फायरवॉलचे लॉग नेटवर्कवाले बघणार, तेही जास्त दिवस. एनजिन्क्सचे ॲक्सेस लॉग सगळेच बघतात, जास्त दिवस. ॲपचे एरर आणि डीबग लॉग डेव्हलपर बघणार, महिनाभर पुरे. झालं, चार स्ट्रीम, चाळीस नकोत.

दिवसांचा आकडा ठरवताना भारतात असाल तर सर्ट-इनचे (सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश डोक्यात ठेवा. आयसीटी (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) सिस्टीमचे लॉग चालू १८० दिवसांचे जपून ठेवायचे असं त्यात आहे, आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असंही आहे. सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी संस्था सगळे त्यात येतात. तेव्हा "डिस्क भरली म्हणून फायरवॉलचे लॉग आठ दिवसांवर आणले" हे परस्पर करू नका, ज्याच्या अखत्यारीत येतं त्याला विचारा.

इनपुट वेगवेगळे ठेवा

सगळं एकाच पोर्टवर ओतलं तरी चालतं, पण मग नंतर वेगळं काढताना घाम फुटतो. सोपी युक्ती म्हणजे प्रकाराप्रमाणे पोर्ट वेगळा. लिनक्स सर्व्हरसाठी १५१४ वर सिसलॉग (लॉग पाठवायची ठरलेली पद्धत) टीसीपी, फायरवॉलसाठी १५१५ वर सिसलॉग यूडीपी, ॲपसाठी १२२०१ वर गेल्फ (ग्रेलॉगचा स्वतःचा लॉग फॉरमॅट). १०२४ च्या खालच्या पोर्टला रूटचे अधिकार लागतात म्हणून ५१४ सरळ उघडत नाही, आणि काही डिव्हाइस ५१४ सोडून कुठे पाठवतच नाहीत, तिथे सर्व्हरवर आयपीटेबल्सने ५१४ वरून १५१५ वर वळवायचं. यूडीपीमध्ये पाकीट हरवलं तर कुणाला पत्ता लागत नाही, त्यामुळे डिव्हाइस टीसीपी देत असेल तर टीसीपीच घ्या.

इनपुट वेगळे असले की स्ट्रीमच्या रूलमध्ये "मॅच इनपुट" हा प्रकार वापरता येतो, म्हणजे ह्या इनपुटवरून आलेलं सगळं ह्या स्ट्रीममध्ये. सोर्स फील्डवर अवलंबून राहण्यापेक्षा हे कधीही पक्कं. सोर्समध्ये डिव्हाइस स्वतःचं जे नाव सांगेल ते येतं, उद्या कुणी होस्टनेम बदललं की तुमचा रूल गार.

लिनक्सवर आरसिसलॉगमधून (लॉग पाठवणारा प्रोग्राम) पाठवताना एक गोष्ट नक्की करा, आरएफसी ५४२४ चा फॉरमॅट निवडा. जुना ३१६४ वाला फॉरमॅट डिफॉल्टला जातो आणि त्यात तारखेत वर्ष नाही, टाइम झोन नाही. ५४२४ मध्ये दोन्ही असतात, शिवाय प्रोसेसचं नाव ॲप्लिकेशन नेम म्हणून वेगळ्या फील्डमध्ये मिळतं, ते आपल्याला पुढे लागणारे.

टाइम झोनवरून आठवलं, आपल्याकडे हमखास होणारा घोळ सांगतो. फायरवॉल भारतीय वेळेत लॉग पाठवतो पण टाइम झोन सांगत नाही, ग्रेलॉग ती वेळ यूटीसी समजतो, मग सकाळी १० चा लॉग दुपारी साडेतीनचा होऊन बसतो. तुम्ही "गेली ५ मिनिटं" सर्च करता, काही दिसत नाही, आणि वाटतं लॉग येतच नाहीयेत. ते आलेत, फक्त साडेपाच तास भविष्यात जाऊन बसलेत. नव्या व्हर्जनच्या सिसलॉग इनपुटमध्येच टाइम झोन निवडायची सोय आहे, तिथे एशिया कोलकाता निवडा, किंवा डिव्हाइसलाच टाइम झोन पाठवायला लावा. आणि एनटीपी (घड्याळं नेटवर्कवरून जुळवणारी सेवा) सगळीकडे चालू हवं, सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसी नाहीतर एनपीएल ह्या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी जुळवून ठेवायला सांगितलंय.

इंडेक्स सेट: दिवसांचं गणित

लॉग किती दिवस राहणार हे इंडेक्स सेट ठरवतो. स्ट्रीमला स्वतःचे दिवस नसतात, ती ज्या इंडेक्स सेटला जोडली त्याचे दिवस तिला लागतात. म्हणून आधी इंडेक्स सेट बनवा, मग स्ट्रीम.

आपल्याला दोन पुरतील, एक लांबचा १८० दिवसांचा आणि एक जवळचा ३० दिवसांचा. आता इथे एक सापळा आहे. १८० दिवस म्हणजे रोज एक इंडेक्स (साठवलेल्या लॉगचा एक गठ्ठा) आणि जास्तीत जास्त १८० इंडेक्स, असं सरळ गणित लोक करतात. त्यात शार्ड (इंडेक्सचे तुकडे) ४ ठेवले तर १८० गुणिले ४ म्हणजे ७२० शार्ड झाले, असे दोन इंडेक्स सेट केलेत की १४४०, आणि ओपनसर्चमध्ये एका नोडला (एका सर्व्हरला) डिफॉल्ट मर्यादा १००० शार्डची आहे. काही महिने सगळं छान चालतं आणि मग एका रात्री नवीन इंडेक्स बनायचाच बंद होतो.

छोट्या सेटअपला आठवड्याचं रोटेशन, म्हणजे दर आठवड्याला नवा इंडेक्स, बरं. शार्ड १, एकच नोड असेल तर रेप्लिका ०, रोटेशन दर आठवड्याला, रिटेन्शनमध्ये (जुन्या इंडेक्सचं काय करायचं तिथे) डिलीट, आणि इंडेक्सची संख्या २७. २६ आठवड्यांचे १८२ दिवस होतात मग २७ का, तर ह्या मोजणीत सध्या भरत असलेला इंडेक्सही धरला जातो. २६ ठेवलेत तर रोटेशन झाल्या झाल्या तुमच्याकडे २५ पूर्ण आठवडे म्हणजे १७५ दिवसच उरतात. जवळच्या सेटला असेच ६ ठेवा, ३५ दिवस मिळतात. नव्या व्हर्जनमध्ये कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती दिवस ठेवायचे हे सरळ टाकता येतं, तो पर्याय दिसत असेल तर तोच घ्या, हे हिशेब करत बसू नका.

रेप्लिका ० म्हणजे दुसरी प्रत नाही, डिस्क गेली तर लॉग गेले, एवढं माहीत असू द्या. बॅकअपचं वेगळं बघावं लागेल.

पहिली स्ट्रीम: एसएसएच

स्ट्रीम्समध्ये जाऊन क्रिएट स्ट्रीम करा, नाव द्या, लांबचा इंडेक्स सेट निवडा, आणि "रिमूव्ह मॅचेस फ्रॉम डिफॉल्ट स्ट्रीम" ह्या चौकोनावर टिक करा (ह्याच्याबद्दल खाली बोलू). मग मॅनेज रूल्स.

समोर एक खराखुरा मेसेज ठेवून रूल बनवा, आठवणीतून नको. समजा असा आलाय: "फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर ॲडमिन फ्रॉम २०३.०.११३.४५". त्याच्या फील्डमध्ये काय दिसतं बघा: सोर्समध्ये सर्व्हरचं नाव, ॲप्लिकेशन नेममध्ये एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम), लेव्हल ६. लेव्हल ६ म्हणजे इन्फो! म्हणजे चोर दार ठोठावतोय आणि सिसलॉगच्या दृष्टीने ती नुसती माहिती आहे. त्यामुळे "फक्त एरर लेव्हलचे लॉग सिक्युरिटी स्ट्रीममध्ये" असा रूल लावलात तर नेमके हेच मेसेज बाहेर राहतील. लेव्हल ० ते ७ असते आणि आकडा जेवढा लहान तेवढं प्रकरण गंभीर, ० म्हणजे इमर्जन्सी, ३ एरर, ४ वॉर्निंग, ७ डीबग. एरर आणि त्याहून वाईट हवं असेल तर "४ पेक्षा लहान" असा रूल, नवीन माणूस इथे हमखास उलटं लावतो.

तर एसएसएचसाठी रूल ॲप्लिकेशन नेमवर लावायचा. एक्झॅक्ट मॅच करून एसएसएचडी टाकावंसं वाटतं आणि उबुंटू २४.०४ पर्यंत ते चालेलही. पण ओपनएसएसएच ९.८ मध्ये, म्हणजे जुलै २०२४ पासून, त्यांनी एसएसएचडीचे दोन तुकडे केले, एक नुसता ऐकत बसणारा आणि दुसरा प्रत्येक कनेक्शनचं काम बघणारा, त्या दुसऱ्याचं नाव एसएसएचडी-सेशन. लॉगिनचे मेसेज आता त्या नावाने येतात. म्हणजे एखादा सर्व्हर डेबियन १३ वर नेलात की त्याचे फसलेले लॉगिन तुमच्या स्ट्रीममधून गुपचूप गायब, कुठे एरर नाही, काही नाही. म्हणून रेग्युलर एक्सप्रेशनचा प्रकार निवडा आणि सुरुवातीला ^ चिन्ह लावून पुढे एसएसएचडी लिहा, म्हणजे ह्या अक्षरांनी सुरू होणारं काहीही. सुडोसाठी दुसरा रूल, आणि वर "ॲट लीस्ट वन" निवडा, कारण एकच मेसेज एसएसएच आणि सुडो दोन्हीकडून कसा येईल? डिफॉल्टला "ऑल" असतं आणि दोन रूल टाकून स्ट्रीम रिकामी राहिली की आधी हेच बघायचं.

रेग्युलर एक्सप्रेशन जपून. मेसेज फील्डवर दोन्हीकडे डॉट-स्टार लावून लांबलचक पॅटर्न लिहिले की प्रत्येक मेसेजवर ते चालतात. एखाद्या स्ट्रीमचे रूल तपासायला डिफॉल्टला २ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ती एक चूक धरली जाते, अशा ३ चुका झाल्या की ग्रेलॉग ती स्ट्रीमच थांबवतो.

रूल पानावरच एखादा मेसेज लोड करून तपासायची सोय आहे, कुठला रूल लागला तो हिरवा दिसतो, नाही लागला तो लाल. लागणारा एक आणि न लागणारा एक असे दोन्ही मेसेज घालून बघा. मग मागे येऊन स्ट्रीमचं स्टेटस रनिंग आहे ना ते बघा, बनवली म्हणजे चालू झाली असं धरू नका.

आणि हो, जुने मेसेज नव्या स्ट्रीममध्ये येणार नाहीत. मेसेज आत येतानाच त्यावर स्ट्रीमचा शिक्का बसतो, पोस्टाच्या शिक्क्यासारखा, नंतर मागे जाऊन कुणी मारत नाही. कालचे लॉग शोधायचे तर ते डिफॉल्ट स्ट्रीममध्येच शोधा.

तो टिक करायचा चौकोन

प्रत्येक मेसेज डिफॉल्ट स्ट्रीममध्ये जातोच, आणि तिचा स्वतःचा इंडेक्स सेट असतो. तुम्ही वेगळा इंडेक्स सेट असलेली स्ट्रीम बनवलीत आणि टिक केली नाहीत तर तोच मेसेज दोन्हीकडे साठतो, डिस्क दुप्पट. दोन स्ट्रीम एकाच इंडेक्स सेटवर असतील तर मात्र मेसेज एकदाच साठतो, नुसते शिक्के दोन. म्हणून स्ट्रीम वाढल्या तर फार बिघडत नाही, इंडेक्स सेट वाढले की डिस्कचं बिल वाढतं.

टिक केल्याचा एक परिणाम लक्षात घ्या. डिफॉल्ट स्ट्रीमला जोडलेली पाइपलाइन आता त्या मेसेजना लागणार नाही, कारण पाइपलाइनपर्यंत पोचायच्या आधीच ते तिथून काढलेले असतात. पाइपलाइन मग नव्या स्ट्रीमलाच जोडायची.

पाइपलाइन कधी लागते

मेसेज उघडून आत बघितल्याशिवाय निर्णय होत नसेल तेव्हा. फायरवॉलचं उदाहरण घ्या, त्याचा लॉग बऱ्याचदा नाव बरोबर किंमत अशा जोड्यांचा एक लांब दोरा असतो, ॲक्शन बरोबर डिनाय, सोर्स आयपी बरोबर अमुक, असा. की-व्हॅल्यू हे फंक्शन तो दोरा सोडवून फील्ड करून देतं, मग राउट टू स्ट्रीम ह्या फंक्शनने डिनायवाले वेगळ्या स्ट्रीममध्ये पाठवता येतात. ह्या लक्ष्य स्ट्रीमला रूल द्यायचेच नाहीत, ती पाइपलाइनमधूनच भरते. तीही लांबच्याच इंडेक्स सेटवर ठेवा.

फील्ड बनवणारा रूल आणि ते फील्ड वापरणारा रूल एकाच स्टेजमध्ये ठेवू नका. एका स्टेजमधल्या सगळ्या रूलच्या अटी आधी तपासल्या जातात, कृती नंतर होतात. म्हणून स्टेज ० मध्ये फोड, स्टेज १ मध्ये वाटप. आणि स्टेज ० ची पुढे जायची अट सैल ठेवा, "नन ऑर मोअर" वाली, नाहीतर एखादा रूल लागला नाही की मेसेज तिथेच अडतो आणि वाटपापर्यंत पोचत नाही.

ड्रॉप मेसेज नावाचं फंक्शनही आहे, मेसेज सरळ फेकून देतं. लोड बॅलन्सरचे हेल्थ चेक ह्यासाठी एकदम योग्य गिऱ्हाईक. दर ५ सेकंदाला एक म्हटलं तर एका सर्व्हरवर दिवसाला १७,२८०, दोन बॅलन्सर आणि चार सर्व्हर असतील तर १,३८,२४० ओळी, आणि सगळ्या सांगतात काय तर "मी ठीक आहे". फेकताना अट मात्र तिन्ही लावा, पाथ हेल्थचा, स्टेटस २००, आणि मागणारा आयपी बॅलन्सरचाच. स्टेटस २०० नसेल तेव्हा तोच लॉग सोन्याचा असतो. माझं मत विचाराल तर पहिले काही दिवस फेकूच नका, "फेकायचे" नावाची एक स्ट्रीम करून तिकडे वळवा, आत नको ते काही जातंय का बघा, मग ड्रॉप लावा. फेकलेला मेसेज परत मिळत नाही.

ॲपचे लॉग वेगळ्या इंडेक्स सेटमध्ये का

दिवस वेगळे हे एक कारण झालंच. दुसरं कारण फील्डचा प्रकार. एनजिन्क्सच्या स्टेटसमध्ये २०० हा आकडा येतो, आणि डेव्हलपरने ॲपमधून स्टेटस नावाच्याच फील्डमध्ये "ओके" असा शब्द पाठवला. एकाच इंडेक्समध्ये पहिल्यांदा आकडा आला असेल तर ते फील्ड आकड्याचं ठरतं, मग शब्दवाला मेसेज साठवलाच जात नाही. उलटं झालं, शब्द आधी आला, तर आकडे शब्द म्हणून बसतात आणि मग सरासरी, "५०० पेक्षा मोठे" वगैरे काही चालत नाही. नवीन इंडेक्स सुरू झाला की परत कोण आधी येतो त्यावर सगळं, त्यामुळे गेल्या आठवड्यात चाललं आणि ह्या आठवड्यात नाही असा विचित्र प्रकार होतो. सिस्टीमच्या ओव्हरव्ह्यू पानावर इंडेक्सिंग फेल्युअर दिसतात, तिथे आकडा वाढत असेल तर बऱ्याचदा हेच असतं. इंडेक्स सेट वेगळा ठेवा आणि डेव्हलपरला फील्डच्या नावापुढे ॲपचं नाव लावायला सांगा, दोन्ही करा.

स्ट्रीम झाली की शेअर बटणावरून ज्याला हवी त्यालाच द्या. डेव्हलपरला ॲपची स्ट्रीम दिसली पुरे, सुडोमध्ये कोणी काय केलं ते बघायची गरज नाही.

चालू झाल्यावर

आठवडाभराने परत येऊन डिफॉल्ट स्ट्रीममध्ये काय उरलंय ते बघा. सोर्स आणि ॲप्लिकेशन नेमप्रमाणे मोजणी लावा, वरचे पाच-दहा काय आहेत बघा, एखादा प्रिंटर किंवा कुणीतरी डीबग चालू ठेवलेला सर्व्हर तिथे हमखास सापडतो. डिफॉल्ट स्ट्रीम पूर्ण रिकामी करायच्या नादी लागू नका, जे कुठल्याच रूलमध्ये बसलं नाही ते दिसायला एक जागा हवीच.

आणि प्रत्येक महत्त्वाच्या स्ट्रीमवर गप्प बसल्याचा अलर्ट लावा. इव्हेंट डेफिनिशन बनवा, स्ट्रीम निवडा, गेल्या तासाभरात मेसेजची संख्या १ पेक्षा कमी अशी अट टाका. फायरवॉलवर हे पहिलं लावा, तिकडे कुणी कॉन्फिग रिसेट केलं की लॉग पाठवायचं सेटिंगही उडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एसएसएचवर तासाचा अलर्ट रात्री-बेरात्री उगाच वाजेल कारण आतल्या नेटवर्कमधल्या सर्व्हरवर तासन्‌तास कुणी लॉगिनच करत नाही, तिथे २४ तास ठेवा.